बेनिताच्या चार तुळया

सांता फे
१३ सप्टेंबर १९९४

बेनिता,

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, म्हणून पत्र. पत्र ठेवून दिलं तरी ते टेबलावर पडून राहतं, आणि माणूस कधीतरी ते उघडतोच. तुझ्या ताईला, देल्फिनाला, यातलं काही माहीत नाही. ती आत पोसोलेच्या, मक्याच्या रश्शाच्या पातेल्याशी आहे आणि मी गल्ल्यावर, बिलं लिहितोय असा चेहरा करून, तुला लिहितोय.

सरळ विचारतो. तू तुझ्या चार तुळया व्हिटलॉकला विकतेयस?

मला कुणी सांगितलं नाही, मी ऐकलं. गेल्या गुरुवारी हा आपला शेजारचा चित्रांचा दुकानदार घरं बांधणाऱ्या एका साहेबाला घेऊन आमच्याच पडवीत जेवायला आला. उन्हं उतरली होती, हवा गार पडायला लागली होती, लोकांनी मांडीवर घोंगड्या घेतल्या होत्या. सात हजार फुटांच्या उंचीवर बाहेरून आलेल्या माणसाला दारूचा पहिला पेलाच दोन पेल्यांचं काम करतो आणि दुसऱ्या पेल्याला तो गावभर ऐकू जाईल असं बोलतो. त्यात माझ्यासारखा म्हातारा पांढरा अॅप्रन बांधून, पाण्याचा जग धरून मागे उभा राहिला, की त्यांना तो पडवीचा खांब वाटतो. या शहरातली किती लग्नं मोडताना आणि किती निवडणुका ठरताना मी ऐकल्या असतील, सगळ्या जग हातात धरून.

"इथपर्यंत भिंत येईल," व्हिटलॉक म्हणाला आणि त्यानं सुरीनं हवेत रेघ मारली.

"आणि कोपऱ्यातली ती मातीची शेकोटी?"

"माझ्या बाजूला. तिच्यासाठीच तर घेतोय. अशी शेकोटी आता कोण बांधून देतंय?"

"ती बाई तयार आहे?"

"यूमाला असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, शाळेची बस चालवणं सुटलंय. होईल तयार."

मग त्याला मी दिसलो. म्हणाला, "सेले, आजची मिरची फार तिखट आहे हं."

मी म्हटलं, "मिरचीचं काय साहेब, कानावर काही पडलं की ती तापते."

हसला. बक्षिशी नेहमीएवढीच ठेवली.

तुला माहीत आहे तेच पुन्हा लिहितो, कारण व्हिटलॉकच्या वकिलानं तुला ते वेगळ्या पद्धतीनं समजावलं असेल. सासूबाईंनी वाटणी आपल्याकडच्या जुन्या रीतीनं केली. जमीन मोजली नाही, छताच्या तुळया मोजल्या. पडवीच्या दहा. रस्त्याकडून सहा देल्फिनाच्या, पुढच्या चार तुझ्या, त्यांच्याखालची फरशी आणि मागची भिंत त्यांच्यासकट. शेकोटी तुझ्या टोकाला. पाद्रीबाबा साक्षीला होते.

पुढचंही तुला माहीत आहे. सासूबाई गेल्या, नवव्या दिवसाची जपमाळ संपली आणि त्याच संध्याकाळी देल्फिनानं टेबलं मांडली. तू म्हणालीस, "ताई, आईची खाट अजून गार झाली नाही आणि तू तिच्या दारात गिऱ्हाइकं बसवतेस?" ती म्हणाली, "माझ्या सहा तुळयांखाली बसवते. तुझ्या चारांचं तू बघ." तू बस पकडलीस. त्याला चार वर्षं झाली.

तेव्हापासून तुझ्या जागेत आमची एक खुर्ची गेलेली नाही. गिऱ्हाइकं रस्त्यावर ताटकळत उभी असतात आणि पडवीचा तो भाग रिकामा. शेकोटीही थंड. थंडी वाजतेय, जरा पेटवा ना, असं लोक म्हणतात. देल्फिना म्हणते, "ती आमची नाही." वाढायला आहे ती मर्सेद टेक्सासच्या लोकांना सांगते की तिथे भूत जेवायला बसतं. भुताच्या जीवावर मिळालेल्या बक्षिशीतून तिनं नवे दात बसवले.

विकू नको असं म्हणायचा मला हक्क नाही. पण तिथे भिंत आली तर मावळतीचा सगळा उजेड बंद. मग ही पडवी राहत नाही, बोळ होतो. लोक माझं तोंड बघायला येत नाहीत, मिरचीसाठीही येत नाहीत, मिरची सगळीकडे मिळते. ते संध्याकाळी बाहेर बसायला येतात. आत बसायला त्यांना त्यांची घरं आहेत. पडवी गेली तर दोन वर्षांत मी हॉटेल बंद करतो, हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही, माझा अंदाज लिहितोय.

सही करायच्या आधी मला एक ओळ टाक. एवढंच.

तुझा दाजी,
सेले


सांता फे
२६ सप्टेंबर

बेनिता,

पत्र पोचलं. चार ओळी, त्यातल्या तीन मला उद्देशून. "दाजी, तुम्ही गोड बोलून गाढवालाही जिना चढवाल," ही मी मर्सेदला वाचून दाखवली. ती म्हणाली, बाई ओळखते तुम्हाला.

चौथी ओळ मी कुणाला वाचून दाखवली नाही. "जिथे मी नाही, माझी खुर्ची नाही, ती जागा ठेवून मी काय करू?" गुडघा तुझा, म्हातारपण तुझं, तुळया तुझ्या. व्हिटलॉक देतो तेवढे मी देऊ शकत नाही, तेही तुला माहीत आहे.

आता एक गोष्ट घडली आहे ती सांगतो. ती माझ्या फायद्याची आहे, म्हणून तू विश्वास ठेवणार नाहीस. तरी सांगतो.

गेल्या मंगळवारी पाऊस जाता जाता एकदा झोडपून गेला. धुराड्याच्या बुडाशी पाणी मुरलं आणि तुझ्या कोपऱ्यातला गिलावा फुगला. मी तिर्सोला बोलावलं. छपरं दुरुस्त करतो तो, तुला आठवत असेल, लग्नात रडतो तो. तो शिडीवर चढला, गिलाव्याचा पोपडा पाडला आणि बोटानं तुळया मोजल्या. मग म्हणाला,

"सेले, तुमच्या पडवीला तुळया किती?"

"दहा."

"कोणी मोजल्या?"

"सगळ्यांनी."

"मग सगळ्यांना परत शाळेत घाला."

मी वर जाऊन पाहिलं. अकरावी आहे, बेनिता. बाकीच्या दहा पाइनच्या, लांब, सरळ. ही आखूड, गाठाळ, जुनिपरची, धुराड्याला टेकू म्हणून भिंतीत निम्मी गाडलेली आणि वरून माती लिंपून बुजवलेली. खालून बघणाऱ्याला ती भिंतच वाटते. आणि शेकोटी अख्खी तिच्याखाली येते. तुझ्या चौथ्या तुळईची हद्द शेकोटीच्या अलीकडे संपते.

याचा अर्थ तुला कळला असेल. सासूबाईंनी सहा आणि चार दिल्या. अकरावी त्यांनी मोजलीच नाही, म्हणजे कुणाला दिली नाही. शेकोटी तुझी नाही, देल्फिनाचीही नाही. आणि शेकोटीशिवाय व्हिटलॉक तुझ्या चार तुळयांकडे ढुंकून बघणार नाही. हे मी दाबून ठेवलं असतं आणि सही झाल्यावर त्याच्या वकिलानं उकरून काढलं असतं, तर कोर्टात तू उभी राहिली असतीस, त्या गुडघ्यावर. म्हणून कळवतोय.

तिर्सोला दोन ताटं जेवू घालून गप्प केलंय. तो खात असतो तोवरच गप्प असतो, तेव्हा तू लवकर काय ते ठरव.

लिहू नये ते एक लिहितो. तुझ्या चार तुळयांखालची फरशी देल्फिना रोज सकाळी स्वतः झाडते. मर्सेदला हात लावू देत नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "धूळ काय, उडून माझ्याच बाजूला येते."

सेले


सांता फे
४ ऑक्टोबर

बेनिता,

म्हणजे तुझ्या मते ती तुळई मी रातोरात घुसवली. मी बासष्ट वर्षांचा आहे. पडलेला चमचा उचलायला वाकलो तर सरळ व्हायला मला टेबलाचा आधार लागतो. आणि मी भिंत फोडून, जुनिपरचा सोट आत सरकवून, वर पन्नास वर्षांची काजळी फासून ठेवली! "थाळ्या धुता धुता हॉटेलचे मालक झालात, दाजी, तुम्हाला काय अशक्य आहे?" असं तू लिहितेस. ही स्तुती समजून मी ठेवून घेतली. फार कमी जणांनी एवढ्या मनापासून केली आहे.

पण बातमी दुसरीच आहे. देल्फिनाला कळलं.

काल टपाल तिच्या हातात पडलं. तिनं पाकीट फोडलं नाही. माझ्या कॉफीच्या कपाला टेकवून ठेवलं आणि समोर उभी राहिली.

"बेनिताचं अक्षर आहे."

"हो का?" मी म्हटलं.

"कितवं?"

"दुसरं."

"गुडघा कसा आहे तिचा?"

"तुला कसं कळलं गुडघ्याचं?"

"अख्ख्या गावाला माहीत आहे. कान घेऊन काय तू एकटाच जन्माला आलास?"

मग मी सगळं सांगितलं. व्हिटलॉक, भिंत, तुळई. ऐकता ऐकता ती पिठाच्या पोत्यावर बसली. मला वाटलं आता भडका उडेल. पण ती म्हणाली, "तिला यायला सांग. तिनं मोजल्याशिवाय मी वर बघणार नाही. नाहीतर म्हणेल, ताईनं मोजून ताईनंच ठरवलं." थोड्या वेळानं उठून पातेलं ढवळायला गेली आणि तिथून ओरडली, "आणि पाहुण्यासारखं पुढच्या दारानं यावं, सांग. मागच्या दारानं नाही."

आपल्याकडे मागच्या दारानं घरचे येतात, तेव्हा हे तुला झोंबावं म्हणूनच ती म्हणाली. मी जसंच्या तसं कळवतोय, कारण गाळून लिहिलं तर तू लगेच ओळखशील.

तिर्सोचं पोट भरलेलं दिसतं. व्हिटलॉकनं आज शनिवारचं टेबल राखून ठेवलं आणि मुद्दाम विचारलं, "कोपऱ्यातल्या छताचं काही काम निघालंय म्हणे?"

तेव्हा तूही शनिवारी ये. गर्दीचा दिवस आहे, अल्बुकर्कला गरम हवेच्या बलूनचा मेळा बघायला आलेली निम्मी माणसं संध्याकाळी इथे चढतात. वेगळी खोली नाही, निवांतपणा नाही. बसचं तिकीट सोबत आहे. जेवणाचं बिल लागेल.

सेले


सांता फे
११ ऑक्टोबर

बेनिता,

तू शिडीवर होतीस, खालचं तुला दिसलं नाही. ते लिहितो. वरचं तुला माहीत आहे, पण खालून ते कसं दिसलं हेही त्यात येईल.

तू आलीस तेव्हा पडवीत एक खुर्ची रिकामी नव्हती. पहिल्यांदा मर्सेदनं तुला हटकलं, "बाई, टेबलाला वेळ लागेल." तू म्हणालीस, "मला टेबल नको, शिडी हवी." तिला वाटलं तू नगरपालिकेकडून आलीस. ती आत पळाली आणि मला म्हणाली, "मालक, तपासणीवाली आलीय, चेहरा फार वाईट आहे." हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

मी घोडाशिडी आणून लावली. तू एका बाजूनं चढलीस. दुसऱ्या बाजूनं देल्फिना चढेल असं मलाही वाटलं नव्हतं. हाताला पीठ, कमरेला फडकं, तशीच. जवळच्या टेबलावरच्या दोघांनी आपले पेले उचलून छातीशी धरले.

"दहा," तू म्हणालीस.

"पुढे."

"दिसतंय मला, ताई. आंधळी नाही मी. अकरा."

"गुडघा सांभाळ."

"माझा गुडघा मी सांभाळीन."

चार वर्षांनंतर तुमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं. मी खाली शिडी धरून उभा होतो. एका टेबलाचं सूप गार होत होतं आणि ते लोकही आणा म्हणत नव्हते.

मग देल्फिना म्हणाली, "ही बाबांनी घातली. धुराडं कलत होतं म्हणून."

"मग तुला माहीत होतं!"

"पाच वर्षांची होते मी. तू पाळण्यात. मला एवढंच आठवतं की बाबा वर होते आणि आई शिव्या देत खाली शिडी धरून उभी होती. तुळई आठवत नाही."

तेवढ्यात व्हिटलॉक आपल्या टेबलावरून उठून आला. हातात नॅपकिन, तोंडावर हसू. म्हणाला, "बायांनो, ही कुणाची तरी असेलच ना? जिची असेल तिच्याकडून मी घेतो. आधी बोललो त्यापेक्षा जास्त देतो."

तुम्ही दोघी वरून एकदमच म्हणालात, "तिची."

टेक्सासच्या टेबलानं टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा दर शनिवारचा कार्यक्रम आहे.

"तुझ्या बाजूला आहे, तू घे," देल्फिना म्हणाली.

"आईनं मला चार दिल्या. पाचवी मी घेणार नाही. उद्या म्हणशील, बेनितानं जास्त लाटली."

"मी म्हणेन?"

"तूच म्हणशील."

"मग राहू दे. मलाही सातवी नको. आईनं दिली नाही ती मी कशाला घेऊ?"

व्हिटलॉक माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले. या मुलखात दिलेलं न घेणारी माणसं एकवेळ समजावता येतात, न दिलेलं न घेणारी नाही. तो इथे वीस वर्षं राहतोय, त्याला हे अजून कळायचंय. तो बसला, गोड मागवलं, खाल्लं आणि निघाला. बिल मी पूर्ण घेतलं.

तो गेला तरी तुम्ही खाली उतरला नाहीत. तेव्हा तू हळू आवाजात विचारलंस. तुला वाटलं असेल कुणाला ऐकू गेलं नाही. मी शिडी धरून होतो.

"नवव्या दिवशी एवढी काय घाई होती तुला, ताई?"

देल्फिना बराच वेळ त्या जुनिपरवरची माती नखानं खरवडत होती. माती माझ्या डोक्यावर पडत होती. मग म्हणाली, "सगळे निघून गेले. तू आत आईचे कपडे घडी करत बसलीस, एक शब्द बोलेनास. मी पडवीत एकटी. मला माणसांचा आवाज हवा होता. मला दुसरं काही येत नाही, बेनिता. टेबलं मांडता येतात."

मला खालून तुझे फक्त बूट दिसत होते. तू काय चेहरा केलास ते मला माहीत नाही आणि देल्फिना सांगत नाही. डावा बूट एक पायरी खाली आला आणि तिथेच थांबला. मग तू म्हणालीस, "सांगायचं तरी." आणि ती म्हणाली, "विचारायचं तरी."

रविवारी सकाळी मी तुला बसवर सोडलं. देल्फिना आली नाही, कणिक मळायची होती. तू खिडकीतून म्हणालीस, "दाजी, विकत नाही. पण फुकटही देत नाही. भाडं पाठवा आणि खुर्च्या मांडा. नीट देता की नाही बघायला मी नोव्हेंबरात मेलेल्यांच्या दिवसाला येणार आहे, कबरीवर फुलं घालायचीच आहेत." मी विचारलं, "शेकोटीचं काय?" तू म्हणालीस, "ती आईची आहे. मला काय विचारता?" तेवढ्यात बस हलली.

मी हे घरी येऊन शब्दाला शब्द सांगितलं. संध्याकाळ झाली, डोंगरावरून गार वारा उतरला, मर्सेदनं घोंगड्या वाटल्या. देल्फिनानं स्वतः तीन टेबलं तुझ्या तुळयांखाली लावली. मग कोपऱ्यात गेली, पिन्योनची लाकडं भिंतीला टेकवून उभी केली आणि काडी ओढली. मी म्हटलं, "अगं, ती आईची आहे ना?" म्हणाली, "म्हणूनच. आईला गारठ्यात बसवून लोकांना जेवू घालायचं?"

चार वर्षांची राख आणि कुठल्याशा पाखराचं घरटं, सगळं धुराड्यात अडकलेलं. पहिला धूर अख्खा पडवीत आला. लोक खोकले, डोळे पुसले, एकानं पाणी मागितलं. पण उठलं कुणी नाही. मग वरून काहीतरी धपकन पडलं आणि धूर सरळ वर गेला.

पहिल्या महिन्याचं भाडं पाकिटात आहे. गुडघ्याला गरम पाण्यानं शेक. खाली देल्फिनाला काही लिहायचं आहे म्हणते. मी उठतोय.

सेले


बेनिता,

तुझे दाजी लिहितात त्यातलं अर्धं खरं असतं. कणिक मळायची नव्हती.

मेलेल्यांच्या दिवसाला इथे किती गारठा असतो ते तू विसरलीस. यूमाच्या उन्हात राहून तुझं रक्त पातळ झालंय. शनिवारी शिडीवर तू त्या पातळ जाकिटात कुडकुडत होतीस, मी बघत होते.

येताना जाड कोट आण. किंवा राहू दे, आणू नको. आईचा कोट कपाटात आहे. तोही वाटणीत कुणाला दिलेला नाही.

मागच्या दारानं ये.

ताई